फुले येतात, फळ का धरत नाही?

प्रश्न : मी गच्चीवर कुंड्यांमध्ये भाजी लावते. मागच्या हिवाळ्यात टोमॅटो भरपूर आले, म्हणून त्याच कुंड्यांत फेब्रुवारीत पुन्हा रोपे लावली. झाडे हिरवीगार आहेत, पण फुले गळतात. दुधीचेही तेच, बोटभर झालेला दुधी पिवळा पडून गळून जातो. खत वाढवून पाहिले, उपयोग नाही. माझे काय चुकते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गळ दोन्हीकडे दिसत असली तरी कारणे वेगळी आहेत. म्हणून एकाच उपायाने दोन्ही सुटणार नाहीत.

आधी टोमॅटो. त्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. वाऱ्याने फूल हलले तरी फळधारणा होते. मात्र दिवसाचा पारा ३५ अंशांवर जाऊ लागला आणि रात्रीही गारवा उरला नाही, की परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून सुटते. फेब्रुवारीतले रोप नेमके मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलावर येते. मागच्या वेळच्या भरघोस पिकात तुमच्या मेहनतीइतकाच थंडीचा वाटा होता. आता दुपारी झाडांवर हिरवी जाळी धरा, पाण्यात खंड पडू देऊ नका, आणि पुढची रोपे सप्टेंबरमध्ये तयार करा. खत मात्र थांबवा. नत्र जास्त झाले की झाड पाला वाढवते, फुला-फळांकडे जोर कमी पडतो.

आता दुधी. इथे नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. फुलाच्या मागे पाहा : नुसता लांब देठ असेल तर ते नर, लव असलेला इवला दुधी असेल तर मादी. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, ती गळणारच. मादी फुलामागचा दुधी पिवळा पडतो तो बहुतेक वेळा पराग न पोचल्यामुळे. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि उंच गच्चीवर त्या वेळी कीटक फारसे फिरकत नाहीत. हे काम आपण करायचे. दिवेलागणीला ताजे नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. जमले असेल तर चार-पाच दिवसांत दुधी फुगलेला दिसतो. काकडी आणि लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, तिथे हेच काम सकाळी करावे.

टोमॅटोच्या त्याच कुंडीत पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावू नका. ही एकाच कुळातली झाडे आहेत. मातीतले रोग आणि सूत्रकृमी एका पिकाकडून दुसऱ्याकडे जातात. मधल्या काळात चवळी किंवा गवार घ्या. ती उन्हाळा सोसतात आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून ठेवतात.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट सगळ्याच बागप्रेमींच्या कामाची आहे. पीक बिघडले की आपण कारण शोधतो. चांगले आले की फक्त खूश होतो आणि तीच कृती पुन्हा करतो. खरे तर पीक साधले, तेव्हा नोंद जास्त हवी : पेरणीची तारीख, वाण, ऊन किती तास, पाणी कधी, पहिले फूल आणि पहिली तोडणी कधी. ही नोंद असती तर हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा फरक तुम्हाला तारखांवरूनच कळला असता. बदल करायचा झाल्यास एका वेळी एकच करा आणि शेजारची एक कुंडी पूर्वीसारखीच ठेवा. खत, पाणी आणि जागा एकदम बदलली, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

आज संध्याकाळी दुधीचा प्रयोग करा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.