परदेशी फळमाशी : धोका कसा जोखावा?

वरून निर्दोष दिसणारा आंबा चिरावा आणि आत अळ्या वळवळाव्यात, हा अनुभव आम्हां सर्वांस आहे. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. अळ्या गर पोखरतात व पुढे मातीत शिरून कोषरूप होतात. आपल्याकडील हीच आशियाई माशी २००३ साली केनियात आढळली. अशा किडीचा धोका जोखताना आम्ही तीन प्रश्न विचारावेत : ती येथे पोहोचेल काय? येथे तगेल काय? तगल्यास हानी किती? आफ्रिकेत तिला उष्ण हवा, आंबे व पेरू लाभले. ती झपाट्याने पसरली, आणि काही देशांनी तेथील फळांस दारे बंद केली. म्हणून परदेशी जाता-येता गाठोड्यातील एक फळही आम्ही क्षुल्लक मानू नये. त्यात कोणाची तरी बाग बुडविण्याचे सामर्थ्य असते.