अभ्यासवर्ग : लग्नात नेमकं काय बदललं?



"पूर्वीची लग्नं टिकायची, हल्लीची का टिकत नाहीत?" हा प्रश्न आपल्या वर्गात वारंवार येतो. म्हणून या वेळी समाजशास्त्राच्या अंगाने तो समजून घेऊ या. तीन मुद्दे पाहू.

*१) वय*
आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ चा शारदा कायदा आला. त्यात मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ होतं. १९७८ पासून ते १८ आणि २१ आहे. तरीही २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ४७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २३ टक्क्यांवर आलं. शिकून, कमावती होऊन लग्नाला उभी राहिलेली मुलगी प्रश्न विचारणारच. चौदा वर्षांची पोर काय विचारणार होती?

*२) कोणाशी करायचं*
इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास मांडला. त्यातून दिसतं की "आपली रीत" गावागणिक वेगळी. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात. ग्वाल्हेरकडच्या हिंदी भाषक शेजाऱ्यांना ते ऐकवतही नाही, कारण मामेबहीण म्हणजे बहीणच! आणि बेळगावकडच्या काही कानडी कुटुंबांत मामा-भाचीचं लग्न चालत आलेलं आहे. म्हणजे नियम माणसांनीच, आपापल्या गरजेप्रमाणे घातले. आज पोटजात, पत्रिका यांचा आग्रह थोडा सैल होतोय, तेव्हा हे लक्षात असू द्यावं.

*३) अपेक्षा*
हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ बर्जेस आणि लॉक यांनी १९४५ मध्ये मांडलं की कुटुंब "संस्थे"कडून "सहजीवना"कडे चाललंय. पूर्वी लग्नाला शेतीवाडी, वडीलधारे, समाज या सगळ्यांचा टेकू असायचा. नवरा-बायकोचं पटलं नाही तरी घर उभं राहायचं. आता सगळा भार दोघांच्या आपसातल्या जिव्हाळ्यावर आलाय. तो आटला की धरून ठेवणारं दुसरं फारसं काही उरत नाही.

पण "टिकायची" म्हणजे सुखाची होती असं समजू नका. काडीमोड आणि पाट अनेक जातींत होतेच. ज्यांच्यात नव्हते, तिथल्या बाईला जायला जागाच नव्हती. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. देशभरातल्या हिंदूंना तो हक्क १९५५ च्या विवाह कायद्याने मिळाला, आणि परस्परसंमतीने वेगळं होण्याची सोय १९७६ मध्ये झाली. जी मोडण्याची सोयच नव्हती, ती लग्नं "टिकली" असं मोजायचं का?

*मग आपण वडीलधाऱ्यांनी काय करायचं?*
आपलं काम ठरवण्याचं राहिलेलं नाही, पण ते संपलेलंही नाही. स्थळ बघताना पगार आणि फ्लॅट विचारतो, तसं मुलामुलींना मोकळेपणी बोलू द्यावं: स्वयंपाक कोण करणार? बदली झाली तर कोण नोकरी सोडणार? मुलीच्या आईवडिलांकडे म्हातारपणी कोण बघणार? ही बोलणी मानपानाच्या याद्यांपेक्षा जास्त उपयोगी. आणि लग्नानंतर कुरबुर झाली तर न्यायाधीश होऊ नये, दोघांचंही ऐकावं. मुलगी माहेरी आली तर "लोक काय म्हणतील" याआधी "जेवलीस का गं?" विचारावं. जुने टेकू गेलेत, तिथे आपण एवढा आधार नक्की देऊ शकतो.

*पुढच्या वर्गासाठी*
आपल्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांची माहिती लिहून आणा: वय, स्थळ कोणी ठरवलं, खर्च कोणी केला. शेवटी एकच प्रश्न: त्यात मुलीला कोणी विचारलं होतं का?