बॉर्डरलेसची कात्री

सहस्रचंद्रदर्शनाच्या ग्रुप फोटोत अगदी टोकाला उभ्या असलेल्या काकांचा घरी काढलेल्या प्रिंटमध्ये अर्धाच कान उरला. मागच्या रांगेतल्यांचे फेटे तर गायबच. प्रस्तुत लेखकाने तडक प्रिंटरचं दुकान गाठलं. दुकानदाराने प्रिंटकडे धड न बघताच निकाल दिला, "पेपर लोकल वापरताय तुम्ही." महागडा ग्लॉसी पेपर गळ्यात मारला. त्यावरही कान अर्धाच. मग म्हणे, "फोटोच तसा काढलाय." मोबाइलवर कान नि फेटे शाबूत दिसत होते. ते दाखवताच स्वारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पेपर निर्दोष होता. फोटोही. चिडून प्रिंटरचं झाकण उचललं, तर कागद जिथून सरकतो तिथल्या स्पंजात काळपट-जांभळी शाई मुरलेली. काकांचा उरलेला कान तिथे होता!

कागद सरकताना थोडा इकडेतिकडे होतोच, म्हणून इंकजेट एरवी सुमारे ३ मिलिमीटर समास सोडतो. 'बॉर्डरलेस', म्हणजे बिनसमासाची छपाई, निवडलं की ड्रायव्हर फोटो कागदाहून किंचित मोठा करून कडेबाहेरही शाई उडवतो. भिंत रंगवताना खाली वर्तमानपत्र अंथरावं, तसा स्पंज ती झेलतो. फेट्यांचा गुन्हेगार वेगळा. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३, तर ४×६ इंची कागद ३:२. सहा इंच लांबी भरायची तर उंची साडेचार इंच होते. त्यातला अर्धा इंच, म्हणजे नववा हिस्सा, उडवला जातो. एवढं सांगायला दुकानदाराला किती वेळ लागला असता?

तेव्हा फोटो आधी स्वतःच ३:२मध्ये कापावा आणि चेहरे कडेपासून आत ठेवावेत. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये एक्सपान्शन 'मिन'वर न्यावं. कॅननमध्ये 'अमाउंट ऑफ एक्स्टेन्शन' कमी करावं. मग एखाद्या कडेला पांढरी रेघ दिसू शकते, ती सोसावी. ४×६वर ३५×४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसवणाऱ्यांनी तर बॉर्डरलेसच्या वाटेला जाऊच नये. सगळेच फोटो मापाबाहेर वाढतात. नातेवाइकांना द्यायचा खास फोटो मात्र ए-फोरवर समासासकट छापून कटरने कापावा. काकांचे दोन्ही कान शेवटी असेच मिळाले.

आणखी एक. कडेबाहेर उडालेली शाई वाफ होऊन जात नाही. बॉर्डरलेस जितकं जास्त, तितके शाई शोषणारे पॅड लवकर भरतात, आणि ते भरल्याची नोंद झाली की बरेच प्रिंटर छपाईच थांबवतात. काही मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो, काहींत सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते. नवा प्रिंटर घेताना हे आधी विचारावं, आणि दुकानदार पेपरच्या दर्जावर बोलू लागला तर दुसरं दुकान बघावं.