हट्टीची खाण आणि मस्कीची शिळा

शाळेची सहल म्हटली की किल्ला, लेणी, धरण आणि एखादे देवस्थान ही ठिकाणे ठरलेली असतात. खाणीच्या गावी मुद्दाम कोणी जात नाही. वास्तविक जमिनीच्या पोटातील धन वर कसे येते आणि ते आणताना कोणाचे हात राबतात, हे समजून घेण्यास अशा गावासारखा दुसरा वर्ग नाही. प्रस्तुत लेखात आम्ही दोन खाण-परिसरांचा परिचय करून देत आहोत. एक आपल्या शेजारचा, कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यातील हट्टी-मस्की हा भाग. दुसरे दूरचे, चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह हे गाव, जेथे खाणीतील पाण्यावर आरोग्यस्नानाचे केंद्र उभे राहिले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांनी दोनच प्रश्न मनाशी धरावेत : येथून काय निघाले? आणि ते कोणी काढले?

नकाशात उमरगा शोधून बोट सरळ दक्षिणेकडे न्यावे. सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर मस्की येते. १९१५ साली ही दोन्ही गावे एकाच निजामी राज्यात होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती दोन राज्यांत गेली. कलबुर्गी, शहापूर, सुरपूर, लिंगसुगूर अशा वाटेने भीमा आणि कृष्णा या दोन नद्या ओलांडून तेथे पोहोचता येते. ही वाट म्हणजे भूगोलाचा चालता धडा आहे. आपल्याकडील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कलबुर्गीच्या परिसरात चुनखडीचे थर लागतात. आपल्या घरांतील शहाबादी फरशी तेथूनच येते. म्हणजे खाणीशी आपले नाते पायाखालीच आहे. पुढे दक्षिणेकडे मात्र जमिनीचे रूप पालटते. प्रचंड गोल शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसू लागतात. तेथील खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत आणि त्यांतच सोन्याच्या शिरा आहेत.

हट्टी येथे आजही सोन्याची खाण चालू आहे. कर्नाटक शासनाच्या मालकीची कंपनी ती चालविते. कोलारच्या प्रसिद्ध खाणी २००१ साली बंद झाल्यानंतर देशात सोन्याचे खनिज काढणारी मुख्य खाण हीच उरली. सोने येथे गोळ्यांच्या रूपात सापडत नाही. खोल भुयारातून दगड फोडून वर आणावयाचा, तो दळून पीठ करावयाचा आणि रासायनिक प्रक्रियेने त्यातील धातू वेगळा करावयाचा. एक टन दगडातून हाती येते ते काही ग्रॅम सोने. सराफाच्या दुकानातील अंगठीकडे पाहताना हे प्रमाण मुलांनी आठवावे.

आधुनिक खाणकाम सुरू झाले तेव्हा अभियंत्यांना येथे आधीच खोदलेली प्राचीन विवरे आढळली. त्यांपैकी काही सहाशे फुटांपर्यंत खोल गेलेली होती. त्यांतील लाकडाचे वय कार्बन पद्धतीने तपासले असता ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. सुरुंगाची दारू नव्हती, विजेचा पंप नव्हता. खडकाला लाकडे पेटवून तापवीत, नंतर त्यावर पाणी ओतीत आणि तडकलेला दगड छिन्नी-हातोड्याने फोडीत. धुराने भरलेल्या त्या अरुंद विवरात उतरणारी माणसे कोण होती? त्यांचे एकही नाव उरलेले नाही.

युरोपात अशा माणसांविषयी थोडे तरी लिहून ठेवलेले आहे, म्हणून आता याखिमोव्हकडे वळू. चेक-जर्मन सीमेवरील डोंगरात १५१६ साली चांदीच्या शोधातून हे गाव वसले. त्याचे जर्मन नाव योआखिमस्टाल. तेथे पाडलेल्या चांदीच्या नाण्याला ‘योआखिमस्टालर’ म्हणत. त्याचा ‘टालर’ झाला आणि टालरचा ‘डॉलर’. जगाच्या बाजारावर राज्य करणारा शब्द एका खाणीच्या गावातून निघाला. त्याच गावात वैद्य म्हणून काम केलेल्या गेऑर्ग अग्रिकोला यांचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ साली प्रसिद्ध झाला. खाणीतील धूळ फुप्फुसे कशी खाते हे त्यांनी त्यात नोंदविले आहे. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या गावांत सात-सात नवरे या रोगाने गमावलेल्या स्त्रिया आढळतात, असेही ते लिहितात.

चांदी संपत आली. चांदीसोबत निघणारा जड काळा दगड खाणकामगार निरुपयोगी म्हणून टाकून देत. १७८९ साली क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाने अशा काळ्या खनिजात युरेनियम ओळखले. पुढे याखिमोव्हच्या खनिजाच्या टाकाऊ अवशेषांतून मेरी आणि पिएर क्युरी यांनी कित्येक टन माल उकळून, गाळून रेडियम वेगळे केले. १९०६ पासून खाणीतील रेडॉनयुक्त कोमट पाण्याच्या स्नानाचे उपचार सुरू झाले. सांधेदुखीचे रुग्ण देशोदेशींहून येऊ लागले, त्यांच्यासाठी भव्य हॉटेल उभे राहिले. ज्या वायूने पिढ्यान्‌पिढ्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग दिला, तोच वायू मोजून-मापून, वैद्यांच्या देखरेखीखाली औषध ठरला. फरक वायूत नव्हता. स्नान करणाऱ्याला किती वेळ, किती मात्रा हे ठरवून दिलेले होते आणि तो घरी परतणार होता; खाणकामगाराला तो वायू दिवसभर, आयुष्यभर हुंगावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच डोंगरात राजकीय कैद्यांना छावण्यांत डांबून त्यांच्याकडून युरेनियम काढून घेण्यात आले. आज तेथे जंगलातून पायवाटा आखलेल्या आहेत. आरोग्यस्नानासाठी आलेला पाहुणा सायंकाळी फिरावयास निघाला, तर त्या छावण्यांच्या जागांवरून जाणाऱ्या स्मरणवाटेने तो चालू शकतो. २०१९ साली या सीमावर्ती खाणप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सौंदर्यासोबत दुःखाचीही वाट त्या गावाने लपविली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

खाणीतील माणसाचे दुःख कायद्याच्या भाषेत मांडणारे आपल्याकडील नाव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी झरियाच्या कोळसा क्षेत्राला भेट दिली, ते स्वतः भूमिगत खाणीत उतरले आणि कामगारांची घरेही त्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. आधी पाहावे, मग लिहावे, हा अभ्यासाचा क्रम त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.

आता मस्कीच्या टेकडीवर चढू. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी वाचली, तेव्हा देशभरच्या लेखांत ‘देवानांपिय पियदसि’ असा राजा भेटला. श्रीलंकेतील पाली ग्रंथांच्या आधारे तो सम्राट अशोक असावा, असे ठरले. पण त्या राजाचा स्वतःचा, ‘अशोक’ हे नाव कोरलेला लेख हाती नव्हता. १९१५ साली सी. बीडन हे खाण अभियंता सोन्याच्या शोधात या भागात फिरत असता त्यांना मस्कीच्या टेकडीवरील एका शिळेवर अक्षरे दिसली. त्या लेखात ‘असोक’ हे नाव स्पष्ट होते. शोधावयास निघाले सोने आणि सापडले हे नाव!

त्या लेखात राजा सांगतो काय? आपण धम्माचा स्वीकार केला आणि त्यासाठी कसोशीने झटलो, हे तो सांगतो. पुढे त्याचे म्हणणे असे की, हे श्रेय केवळ मोठ्या माणसानेच मिळवावे असे नाही. धम्माने वागणाऱ्या लहान माणसालाही ते मिळविता येते. लहानांना आणि मोठ्यांना, दोघांनाही हे सांगितले जावे, अशी त्याची आज्ञा आहे. कर्नाटकातील अशोकाच्या दुसऱ्या लेखांत ‘सुवर्णगिरी’ या राजकीय ठाण्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासक ते मस्कीजवळच्या कनकगिरीला, तर काही मस्कीलाच मानतात. सोन्याच्या या प्रदेशात, जेथे दगड फोडणारे हात राबत होते, तेथेच लहान माणसाच्या योग्यतेचे हे शब्द कोरले गेले, याचे मोल आम्हांला फार वाटते.

कारण निवासी शाळा असते ती कोणासाठी? दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या, खडी फोडणाऱ्यांच्या मुलांसाठी. या मुलांना हट्टीतील प्राचीन माणसाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

ज्या पालकांना वा माजी विद्यार्थ्यांना मुलांसह जावयाचे असेल, त्यांच्यासाठी काही सूचना. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा, रायचूरचा उन्हाळा फार कडक असतो. टेकडीवर सकाळी लवकर चढावे. पायांत बूट आणि सोबत पुरेसे पाणी असावे. जुन्या विवरांच्या तोंडाशी मुलांना जाऊ देऊ नये. चालू खाणीत परवानगीवाचून प्रवेश नसतो, म्हणून पत्रव्यवहार आधीच करावा. शिळालेखाला हात लावू नये, अक्षरांवर खडू वा पाणी फिरवू नये. वेळ असल्यास भीमाकाठच्या सन्नतीजवळील कनगनहळ्ळी येथेही थांबावे. तेथील स्तूपाच्या उत्खननात राजाचे शिल्प आणि त्यावर ‘रायो असोको’ ही अक्षरे मिळाली आहेत.

परतल्यावर प्रत्येक मुलाने वहीत दोन पाने लिहावीत. पहिल्या पानावर येथून काय निघाले ते लिहावे. दुसऱ्या पानावर ते काढणाऱ्यांविषयी जे कळले ते लिहावे, आणि त्याखाली आपल्या घरातील राबणाऱ्या माणसांची नावे लिहावीत.