चार नंबरच्या खुर्चीवरून

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, सगळी रत्नागिरी जिल्ह्यात. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो ड्युटीतून. दोन वर्षांत रक्तदाबाने दोन्ही किडन्या निकामी केल्या आणि नवी ड्युटी लागली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, डायलिसिस, खुर्ची नंबर चार. या ड्युटीत रजा मंजूर होत नाही. सहा वर्षं झाली. या काळात हसण्याबद्दल जे कळलं ते सांगतो, कारण आमच्या पथ्यात मोजूनमापून घ्यायला न लागणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

१. आजाराला आपल्या भाषेत आणा.
पहिले दोन महिने मी तोंड मिटून होतो. क्रिएटिनिन काय, ड्राय वेट काय, सगळं परक्या गावचं. एकदा सिस्टरने हातावरच्या फिस्टुलावर बोटं ठेवायला सांगितली. शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडतात, तिथे रक्त जोरात धावतं आणि बोटांना थरथर लागते. ती रोज तपासायची. थांबली तर तडक हॉस्पिटल गाठायचं. मी बोटं ठेवली आणि म्हटलं, "सिस्टर, गाडी स्टँडला उभी आहे, पण ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं नाही!" त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. मग दोन सुया झाल्या अप आणि डाऊन, वजनाची वही झाली वेबिल. मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त मशीनमधून जातं, म्हणजे चार तासांत ७२ लिटर. अंगात असतं जेमतेम पाच लिटर. तेच प्रवासी चौदा वेळा चढतात-उतरतात आणि तिकीट कोणी काढत नाही. आजार तोच राहिला, पण निदान ओळखीचा झाला.

२. बेलची दोरी आजाऱ्याच्या हातात.
एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे म्हणाले, "तुमची मजा आहे बुवा, रात्री लघवीला उठायला नको!" हाच विनोद मी स्वतःवर वॉर्डात दहा वेळा केलेला. तरी त्या दिवशी घास घशाखाली उतरेना. आमच्या घरात आता न ठरवता ठरलेलं आहे: मी सुरुवात केली तरच बाकीच्यांनी ओढायचं. बेल कंडक्टरने द्यायची. प्रवाशाने दिली की गाडी भलत्याच ठिकाणी थांबते.

३. आधी रडून घ्या, थट्टा मागाहून येते.
माझ्या परसात दोन हापूस आणि पाच माड. शहाळ्यात पोटॅशियम, आंब्यात पोटॅशियम, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. डॉक्टरांनी यादी वाचली तेव्हा म्हटलं, "त्यापेक्षा रत्नागिरीतून हद्दपारच करा." ते हसले, मी नाही. त्या मे महिन्यात आंब्याच्या अढीचा वास घरभर सुटला होता आणि मी मागच्या पडवीत बसून लहान पोरासारखा रडलो. कोणी समजूत घातली नाही हे बरं झालं. पुढच्या वर्षी पेट्या मीच भरल्या. आता आहारतज्ज्ञ ताईंना विचारून, डायलिसिसच्या दिवशी, आमची ही मला मोसमातली एक फोड देते. जेवणाच्या मोठ्या ताटात मधोमध ती एकटी फोड ठेवते आणि म्हणते, "लाजू नका, पोटभर घ्या."

पाण्याचं तसंच. बाहेर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, मला दिवसाला एक लिटर, त्यात चहा आणि आमटीही आली. आमच्या घरात पाणीकपात बारमाही.

४. डॉक्टरांपुढे तक्रार आधी, विनोद नंतर.
ही शिकवणी महागात पडली. शनिवार ते मंगळवार हा आमचा सगळ्यांत लांबचा टप्पा. मध्ये दोन दिवस मशीन नाही, पाणी साचत जातं. एका रविवारी सुके बोंबील चापले. मिठाने तहान लागली, तहानेने तांब्या रिकामा केला. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून खुर्चीत बसून रात्र काढली. सोमवारी सकाळी मुलाने डॉक्टरांना फोन लावला. मी तो हातातून घेतला आणि म्हटलं, "काही नाही हो, बसून झोपायची सवय एसटीनेच लावलीय." पलीकडून डॉक्टर हसले, म्हणाले, उद्या बघू. संध्याकाळी फुप्फुसात पाणी, तोंडाला ऑक्सिजन, आणि रातोरात डायलिसिस. चूक पूर्ण माझी. हसत सांगितलेलं दुखणं ऐकणाऱ्याला लहान वाटतं. तेव्हापासून आधी सांगतो: वजन किती वाढलं, दम कधी लागतो, पायाला सूज किती. हे झाल्यावर गंमत.

५. चौघांत बसून हसा.
मुलाने मला नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाची गोष्ट सांगितली. १९६४ साली त्यांना मणक्याचा दुर्धर आजार झाला. विनोदी चित्रपट बघून दहा मिनिटं खळखळून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्यांनी लिहून ठेवलं. ते सोबत व्हिटॅमिन सीसुद्धा भरपूर घेत होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत मात्र दिसलं, की मंडळी एकत्र बसून हसली की त्यांची वेदना सोसायची ताकद थोडी वाढते. माझं क्रिएटिनिन हसून एका आकड्यानेही उतरलेलं नाही. पण चार तासांतला चौथा तास, पायात गोळे येतात तो, हसत गेला तर लवकर जातो.

एकदा मोबाईलवर पु.लं.ची 'म्हैस' लावली. एसटीपुढे म्हैस आली, मी हसून गदगदलो, सुईचा हात हलला आणि मशीनने अलार्म दिला. सिस्टर धावत आल्या. शेजारच्या खुर्चीवरून पावसचे नाना म्हणाले, "म्हशीने इथेही गाडी थांबवली!" मग राजापूरच्या वहिनींचंही मशीन वाजलं. तेव्हापासून वॉर्डाचा नियम: हसा, पण कोपराच्या वर.

६. रिकाम्या खुर्चीवर विनोद नको.
पावसचे नाना तीन नंबरवर बसायचे. गेल्या दिवाळीनंतर ते आले नाहीत. त्या आठवड्यात कोणी काही बोललं नाही, आणि सिस्टरनेही टीव्ही लावला नाही. जागा भरून काढायला काहीतरी बोलावं असं माझ्या जिभेला वाटत होतं. मी ती आवरली. दुःखाला त्याचं पूर्ण तिकीट द्यावं, हाफ नव्हे.

पंधरा दिवसांनी त्या खुर्चीवर चोवीस वर्षांचा पोरगा आला. सुया बघून पांढराफटक. आम्ही त्याला गप्प राहू दिलं. आम्हीही एकेकाळी तसेच होतो. तिसऱ्या आठवड्यात, मशीन सुरू झाल्यावर, छताकडे बघत त्याने विचारलं, "काका, ही गाडी जाते कुठे हो शेवटी?"

हॉलमधल्या सगळ्यांचे कान इकडे. एकतीस वर्षांत हजारो लोकांनी मला हे विचारलं होतं, पण उत्तर द्यायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"अकरा वाजता घरी," मी म्हटलं. "परवा सात वाजता परत इथे. सीट रिझर्व्ह आहे."

तो हसला, आणि त्याचा हात हलला नाही. पोरगा तयार होतोय.