उतारा का घटतो? आधी कारण, मग इलाज



उतारा घसरला की कारखाना म्हणतो ऊस हलका, सभासद म्हणतो मिल नीट चालत नाही, आणि दोघे मिळून तोडणी टोळीवर खापर फोडतात. तूट तशीच राहते. म्हणून आधी तूट मोजू.

समजा, ५ लाख टन गाळप झाले आणि उतारा अर्ध्या टक्क्याने घटला. म्हणजे २५ हजार क्विंटल साखर कमी! ती गेली कुठे?

१) हिशेबात : बी-हेवी मळी इथेनॉलकडे गेली असेल तर उतारा कमी दिसणारच. ती साखर धरूनच मागील हंगामाशी तुलना करावी.

२) कारखान्यात : भुसा, प्रेसमड व मळी यांतून जाणाऱ्या साखरेची नोंद प्रयोगशाळेत असते. भुशातील साखर वाढली असेल तर मिलकडे बघावे. मळीतील मात्र शिळ्या उसानेही वाढते.

३) फडात व रस्त्यात : तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळावा. पुढे वजन घटते, साखरही मोडते. पाचट व वाढे आले तर उतारा आणखी खाली.

जागा सापडली की विचारावे : माणसाला माहीत नाही, जमत नाही, की परवडत नाही?

तोडणीआधी दोन आठवडे पाणी तोडावे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी आपण पाणी देतो, कारण वजन वाढते. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, ज्याच्या त्याच्या उसावर नाही. वजन एकट्याचे वाढते, साखर सर्वांची बुडते. इथे नुसत्या व्याख्यानाने काय होणार? सरीवर जाऊन नमुना तपासणे आणि पक्व उसालाच आधी तोड देणे, हाच उपाय.

टोळीचेही तसेच. मजुरी टनावर, जमिनीलगत तोडायला वाकावे लागते, वेळ जातो. म्हणून बुडखा शेतात राहतो, आणि साखर तर बुडख्यातच जास्त! तिथे फडावर स्वतः उभे राहावे, चांगल्या तोडीला बक्षीस ठेवावे.

गाडी गव्हाणीपाशी दोन दिवस अडली तर मात्र सभासद काय करील? तो दोष तोडणी कार्यक्रमाचा. तिथे शेती खात्यानेच उत्तर द्यावे.

तेव्हा वार्षिक सभेत “उतारा का घटला?” एवढेच विचारू नका. “किती घटला, कुठे घटला, आणि तिथल्या माणसाची अडचण काय?” असे विचारा. आणि पहिले उत्तर आपल्या सरीत शोधा.