व्यसनमुक्तीनंतरचे नैराश्य : एक अभ्यास

असे एखादे घर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. घरातील कर्त्या पुरुषाने दारू सोडून आठ-दहा वर्षे झाली आहेत. कर्ज फिटले, मुले शिकू लागली, वस्तीत मान मिळाला. आणि मग एके वर्षी तोच मनुष्य हळूहळू मुका होऊ लागतो. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. वंदनेला विहारात येणे थांबते. जेवणावरची वासना उडते. पत्नी विचारते, "अहो, आता आपल्याला काय कमी आहे?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते, आणि उत्तर नाही याचीच त्याला लाज वाटते. घरच्यांना शंका येते की हा पुन्हा पिऊ लागला. तो प्यालेला नसतो. त्याला नैराश्याचा आजार झालेला असतो.

दारू सुटली म्हणजे सर्व दुःख संपले, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. दारू हे मज्जासंस्थेला मंद करणारे द्रव्य आहे. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याच्या मेंदूतील सुखसंवेदनेची व्यवस्था बिघडते. पिणे थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांची उदासी आपोआप निवळते. परंतु ती महिन्याहून अधिक टिकली, किंवा वर्षानुवर्षांच्या संयमानंतर नव्याने उद्भवली, तर तिच्याकडे स्वतंत्र आजार म्हणून पाहावे लागते. काहींच्या बाबतीत ही उदासी दारूच्याही आधीपासून असते. दारूने ती झाकलेली असते, इतकेच.

या संदर्भात अमेरिकेतील बिल विल्सन यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांनी दारू कायमची सोडली. १९३५ मध्ये डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह त्यांनी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. आज जगभर, महाराष्ट्रातही, तिच्या सभा भरतात. अशा या संस्थापकाला संयमाची जवळजवळ दहा वर्षे पूर्ण होत असताना तीव्र नैराश्याने गाठले, आणि ते अधूनमधून १९५५ च्या सुमारापर्यंत टिकले. या काळात त्यांनी मानसोपचार घेतले. पुन्हा प्याले मात्र नाहीत. जानेवारी १९५८ मध्ये चळवळीच्या मासिकात त्यांनी याविषयी मोकळेपणाने लिहिले. माणसांनी आणि परिस्थितीने आपल्याला सतत मान्यता व सुरक्षितता द्यावी, या अपेक्षेवर आपण जगत होतो, असे त्यांना आढळले. दारू सोडणे ही पहिली पायरी होती, भावनांची शुद्धी ही पुढची. एवढ्या थोर कार्यकर्त्याला हा आजार होऊ शकतो, तर आपल्या घरातील माणसाला झाला यात त्याचा दोष कोणता?

भगवान बुद्धांनी संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेविषयी शोक व विलाप करून माणूस स्वतःला आणखी एक बाण मारून घेतो. नैराश्य हा पहिला बाण मानला, तर 'मी दुबळा, मी कृतघ्न, माझा संयमच खोटा' हा दुसरा बाण होय. पहिल्यावर उपचार लागतात. दुसरा मात्र आपणही उपसू शकतो, आणि आप्तांनी तो आणखी खोल रुतवू नये.

सामान्य दुःख व आजार यांत भेद कसा करावा? दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे, पूर्वीच्या कोणत्याही गोष्टीत गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, अपराधीपणा, एकाग्रता न होणे, मरणाचे विचार येणे : यांपैकी अनेक लक्षणे एकत्र दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचे विकार व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. म्हणून रक्ततपासणीही करून घ्यावी.

येथे अनेक उपासकांना प्रश्न पडतो : मनाच्या गोळ्या घेणे म्हणजे पाचव्या शीलाचा भंग नव्हे काय? पाचवे शील ज्या मद्याने प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, उत्पन्न होतो त्यापासून दूर राहण्यास सांगते. नैराश्यावरील औषधे नशेसाठी नसतात. त्यांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत. मात्र झोपेच्या व चिंतेवरील काही गोळ्यांची सवय लागू शकते. त्यामुळे आपला मद्यपानाचा पूर्वेतिहास डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा.

उपचारांच्या जोडीला दिनचर्या हवी. उठण्याची व निजण्याची वेळ ठरलेली असावी. रोज अर्धा तास चालावे. भूक, राग, एकाकीपणा आणि थकवा या चार अवस्थांत दारूची ओढ बळावते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील जुने अनुभवज्ञान आहे. मन खचू लागले की प्रथम या चारांपैकी काय आहे ते पाहावे. आनापानसति उपयुक्त आहे. परंतु तीव्र नैराश्यात तासन्‌तास एकट्याने बसून ध्यान करण्याचा हट्ट धरू नये. पाच-दहा मिनिटे पुरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत. कल्याणमित्रता हे श्रेष्ठ जीवनाचे अर्धे नव्हे, तर संपूर्ण अंग आहे, असे तथागतांनी आनंदाला सांगितले होते. संयमाची वर्षे वाढली म्हणून सभेला जाणे, जुन्या सोबत्याला दूरध्वनी करणे सोडू नये.

कुटुंबीयांनी 'मन घट्ट कर' असे म्हणण्याऐवजी 'चला, मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते' असे म्हणावे. तोंडाचा वास घेऊन परीक्षा पाहू नये. जीव नकोसा झाला आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस बोलता होतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणाऱ्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचेही वचन आहे. दहाव्या वर्षी अंधारात बसलेल्या माणसाला त्या दयेची गरज आहे. आपल्या वसतिगृहातील एखादे मूल सुट्टीनंतर परतते आणि "बाबा आजकाल बोलतच नाहीत" असे सांगते, तेव्हा ते ऐकणाऱ्या प्रत्येकाने त्या घरी एकदा जाऊन यावे.